दोन परमँगनेटला किती पेरॉक्साइड

सुरतेच्या गोडादरा भागातल्या एका गल्लीत जयश्री बोरसेला सगळे ओळखत ते ट्यूशनवाली म्हणून. दुपारी साड्यांना लेस लावायची, संध्याकाळी शेजारपाजारच्या पोरांचे पाढे नि स्पेलिंगं घ्यायची, असा तिचा दिवस जाई. ती रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालीय, वर बी.एड. आहे, हे गल्लीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. अमळनेरला कॉलेज, धुळ्याला बी.एड., आणि त्या निकालाच्या आधीच लग्न होऊन ती सुरतेला आली. नवरा योगेंद्र शहराबाहेरच्या सचिन औद्योगिक वसाहतीत एका डाइंग हाउसमध्ये, कापड रंगवायच्या मशीनवर होता. तो पहाटे कंपनीच्या बसनं जायचा, आणि घरात उरायच्या ती आणि सासू सुभद्राबाई.

सत्त्याण्णव सालचा जुलै महिना. लिंबायतकडच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत अकरावी सायन्सला रसायनशास्त्र शिकवणारे सर मध्येच सोडून गेले आणि जागा रिकामी झाली. योगेंद्रनंच ही बातमी आणली. त्याच्याबरोबर बसमध्ये बसणाऱ्या कुणाचा तरी मुलगा त्या शाळेत होता.

"अर्ज करून बघ," तो म्हणाला. "नाही झालं तर लेस आहेच."

अर्ज गेला, बोलावणंही आलं. मुलाखत नव्हती, नमुना पाठ द्यायचा होता. संस्थेचे लोक मागच्या बाकावर बसणार आणि उमेदवारानं खऱ्या वर्गाला शिकवून दाखवायचं. विषयही ठरवून दिला होता, रेडॉक्स समीकरणांचं संतुलन.

जयश्रीला विषय पाहून बरं वाटलं. कॉलेजात तिला याच प्रकरणात पैकीच्या पैकी मिळायचे. एक पदार्थ इलेक्ट्रॉन देतो, दुसरा घेतो. दिलेले नि घेतलेले सारखे करायचे, मग पाणी नि हायड्रोजन आयन घालून दोन्ही बाजू जुळवायच्या. तरी इतक्या वर्षांनी फळ्यापुढं उभं राहायचं होतं. तिनं कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहून सराव केला. सुभद्राबाई तांदूळ निवडत ऐकत बसायच्या.

"माले त्यामानं काही समजस नही," त्या एकदा म्हणाल्या. "पन तू बोलस ते बरं वाटस."

पाठाच्या दिवशी जयश्रीनं वर्गात पाऊल टाकलं. मागच्या बाकावर तिघं होती. मुख्याध्यापिका मालतीबाई, पांढऱ्या साडीतल्या, करड्या चेहऱ्याच्या. त्यांच्या शेजारी संस्थेचे विश्वस्त भगवानराव, ज्यांचं लक्ष वर्गापेक्षा घड्याळाकडं जास्त होतं. आणि कडेला दुसऱ्या शाळेतून विषयतज्ज्ञ म्हणून बोलावलेले त्रिवेदीसाहेब, वयस्क, हनुवटीखाली मूठ धरून बसलेले. पुढं पन्नासेक मुलंमुली, आणि ती सगळी तिच्याकडं बघत होती.

पहिली काही मिनिटं तिला स्वतःचाच आवाज परका वाटला. मग फळा भरत गेला आणि आवाज सुटला. लोखंडाचं उदाहरण झालं. मुलं माना हलवू लागली. कुणीतरी प्रश्न विचारला, त्याचं उत्तर तिनं हसून दिलं. शेवटी खडू खाली ठेवत ती म्हणाली, "आता ताळा कसा करायचा ते ऐका. डावीकडचे अणू मोजा, उजवीकडचे मोजा. मग दोन्हीकडचा विद्युतभार मोजा. अणूही जुळले, भारही जुळला, की समीकरण बरोबर. मग मला विचारायचीसुद्धा गरज नाही."

त्रिवेदीसाहेबांनी मूठ खाली घेतली. "सरस," ते गुजराती वळणानं म्हणाले. "आता एक उदाहरण मुलांना स्वतः करू द्या, बेन. आम्लामध्ये परमँगनेट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड."

हे उदाहरण तिला तोंडपाठ होतं. परमँगनेटचा जांभळा रंग जातो, मँगनीज होतं, आणि पेरॉक्साइडमधून ऑक्सिजनचे बुडबुडे निघतात. दोन परमँगनेटला पाच पेरॉक्साइड. तिनं फळ्यावर आकडे न घालता नुसते पदार्थ लिहिले आणि बाकांमधून फिरू लागली. बहुतेकांचं बरोबर येत होतं. दोन, पाच, सहा हायड्रोजन आयन. पलीकडं दोन मँगनीज, पाच ऑक्सिजन, आठ पाणी. एका मुलानं पुढं येऊन ते फळ्यावर लिहिलं. तिनं वर्गाकडून ताळा करून घेतला. सगळं जुळलं. भगवानराव उठायच्या बेतात होते.

तेवढ्यात खिडकीकडच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. सावळी, किडकिडीत, दोन वेण्या घातलेली. कविता तिचं नाव. तिचे वडील जालन्याकडून बांधकामावर आलेले.

"बेन, माझं वेगळं आलंय. पण माझं पण जुळतंय."

"वाच."

"दोन परमँगनेट, एक पेरॉक्साइड, सहा हायड्रोजन आयन. इकडं दोन मँगनीज, तीन ऑक्सिजन, चार पाणी."

पेरॉक्साइड एकच? कुठंतरी मोजताना चुकली असणार, असं समजून जयश्रीनं ते फळ्यावर पहिल्या समीकरणाखाली लिहिलं, म्हणजे चूक सगळ्यांना दिसेल. मग मोजायला लागली. मँगनीज दोन, दोन. हायड्रोजन डावीकडं आठ, उजवीकडं आठ. ऑक्सिजन डावीकडं दहा. उजवीकडं सहा नि चार, दहा. राहिला भार. डावीकडं अधिक चार. उजवीकडं अधिक चार.

तिनं पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.

फळ्यावर एकाच रासायनिक क्रियेची दोन समीकरणं उभी होती आणि दोन्ही तंतोतंत जुळत होती. नुकतंच तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, जुळलं की बरोबर. कॉलेजात कधी कुणी असं विचारलं नव्हतं. पुस्तकात कधी असं दिसलं नव्हतं.

"कसं काढलंस हे?" तिनं विचारलं.

"मला ते इलेक्ट्रॉनचं नीट कळलं नाही, बेन. मी नुसते आकडे घालून बघत गेले. हे बसलं."

वर्गात कुजबूज सुरू झाली. मागून भगवानरावांचा आवाज आला. "अहो बाई, चूक आहे म्हणून सांगा आणि आटपा. पुस्तकात पाच आहे ना? मग झालं."

सोपं होतं ते. 'पुस्तकात पाच आहे' म्हटलं असतं तर कविता खाली बसली असती, वर्ग शांत झाला असता आणि पाठ पुरा झाला असता. जयश्रीनं त्रिवेदीसाहेबांकडं पाहिलं. त्यांना उत्तर ठाऊक असावं, असं तिला वाटलं. पण त्यांनी मूठ पुन्हा हनुवटीखाली घेतली. नुसते पाहत राहिले.

कविता अजून उभीच होती. तिच्या नजरेत आगाऊपणा नव्हता. आपलं काय चुकलं हे तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"तुझं चूक आहे असं मला वाटतं," जयश्री सावकाश म्हणाली. "पण का चूक आहे, ते या घटकेला मला सांगता येत नाही. तू मोजलंस ते सगळं जुळतंय. मला विचार करावा लागेल."

मागच्या कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं. घंटा झाली. भगवानराव उठले, बाक जोरात मागं सरकला, आणि बाहेर जाता जाता ते मालतीबाईंना म्हणाले, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं, "विचार करायला वेळ द्यायचा तर पगार कशाचा द्यायचा?"

ती घरी चालतच निघाली. शटल रिक्षात दहा जणांच्या मांडीला मांडी लावून बसायचं तिच्या जिवावर आलं होतं. रस्त्याच्या कडेला यंत्रमागांचा खडखडाट चालू होता. एरवी कान किटवणारा तो आवाज तिला आज ऐकूही आला नाही. नोकरी गेली, हे तिला कळून चुकलं होतं. पण तेवढं दुःख करायलाही तिला सवड नव्हती, कारण डोक्यात ते दुसरं समीकरण ठाण मांडून बसलं होतं. दोन, एक, सहा. दोन, तीन, चार.

घरी आल्यावर सुभद्राबाईंनी तिच्याकडं एकवार पाहिलं. "काय व्हयनं वं? तोंड कसं उतरी गयं?"

"काही नाही, आत्या. जमलं नाही."

त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला आणि भाकरीचं पीठ स्वतःच मळायला घेतलं.

जयश्री कपाटाच्या दारापुढं जाऊन बसली. इलेक्ट्रॉन, ती स्वतःशी म्हणाली. कवितानं तेच तर मोजले नाहीत. एका परमँगनेटला पाच इलेक्ट्रॉन लागतात. दोघांना दहा. पेरॉक्साइडचा एक रेणू देतो फक्त दोन. मग कविताच्या समीकरणात बाकीचे आठ दिले कुणी?

तिनं खडू उचलला. तीन ऑक्सिजन बाहेर पडतात, त्यातला एक पेरॉक्साइडचा. बाकीचे दोन कुठून येणार? परमँगनेटच्या किंवा पाण्याच्या स्वतःच्या ऑक्सिजनमधून. म्हणजे हे एका क्रियेचं समीकरण नव्हतंच. दोन वेगवेगळ्या क्रिया एकत्र कालवल्या होत्या, त्यातली दुसरी अशी की जिच्यात पेरॉक्साइडचा काही संबंधच नाही. कागदावर त्यांची बेरीज बिनचूक होते. आकड्यांना काय, ते कसेही मिसळले तरी जुळतात.

उत्तर मिळालं होतं आणि ऐकायला वर्ग नव्हता.

पण लगेच दुसरी शंका आली. ही दुसरी क्रिया भांड्यात घडत नाही कशावरून? आपण म्हणतो म्हणून? कविता विचारेल. ती विचारणारच. आणि तेव्हा परत 'पुस्तकात आहे' म्हणायचं? नाही. हे कागदानं ठरणारं नव्हतं. परमँगनेट घ्यायचं, पेरॉक्साइड थेंबाथेंबानं सोडायचं आणि रंग कधी जातो ते पाहायचं. दोनाला पाच लागतात की दोनाला एक, ते भांडंच सांगेल.

योगेंद्र आल्यावर तिनं त्याला प्रयोगाचं सांगितलं, आणि हेही की मी पुन्हा शाळेत जाणार आहे. तो हात-पाय धुऊन नुकता टेकला होता. हातांवर रंगाचे निळे डाग तसेच होते.

"त्यांनी बोलावलंय?"

"नाही."

"मग कशाला? लोक हसतील, जयश्री. नोकरीसाठी पाया पडायला आली म्हणतील."

"म्हणू देत."

"आणि तुझं उत्तर चुकलं तर? त्या सगळ्यांपुढं परत?"

तिनं ताट वाढायला घेतलं. तो ताट ओढून जेवायला लागला. जेवता जेवता म्हणाला, "पेरॉक्साइड आमच्याकडं ड्रमनं पडलंय. पण ते आणू नकोस. उघड्या ड्रममधल्याची ताकद केव्हाच मेलेली असते. मेडिकलवरनं सीलबंद घे."

दोन दिवसांनी ती शाळेत पोचली तर कचेरीबाहेरच्या फळ्यावर निवड झालेल्याचं नाव लावलेलंच होतं. हिलाल देवरे. ते तिनं वाचलं. अपेक्षा नव्हतीच, तरी तिनं ते पुन्हा एकदा वाचलं. पर्समध्ये पेरॉक्साइडची तपकिरी बाटली होती. क्षणभर वाटलं, इथूनच मागं फिरावं. कुणी पाहिलेलं नाही.

ती कचेरीत गेली.

"निकाल लागलाय, जयश्रीबेन," मालतीबाई मान वर न करता म्हणाल्या.

"वाचला. मी त्यासाठी आले नाही. त्या मुलीला उत्तर द्यायचं राहिलंय. मला लॅबमध्ये एक तास द्या, नंतर मी येणार नाही."

मालतीबाईंनी चष्मा काढला. "देवरे सरांचा आज पहिला दिवस आहे. त्यांच्या वर्गात तुम्ही गेलात तर त्यांना काय वाटेल, याचा विचार केलात?"

"नाही केला," जयश्रीनं कबूल केलं. "त्यांनाच विचारते."

हिलाल देवरे लॅबमध्ये बाटल्यांवरची लेबलं पाहत होते. तिशीतले, शर्टाला कडक इस्त्री, शिंदखेड्याकडचे. आपण कोण आणि कशासाठी आलोय ते तिनं सांगितलं तसा त्यांचा चेहरा ताठ झाला. पहिल्याच दिवशी, ज्या बाईला डावलून आपल्याला घेतलं तीच आपल्या वर्गात येऊन शिकवणार, हे कुणालाही जड गेलं असतं.

"मीच सांगतो ना तिला," ते म्हणाले. "इलेक्ट्रॉन मोजले नाहीस म्हणून चुकलं. दोन वाक्यांचं काम."

"ती म्हणेल, इलेक्ट्रॉन दुसऱ्या कुणी दिले असतील. मग?"

देवरे टेबलाच्या कडेवर बोटं वाजवत राहिले.

"टायट्रेशन करून दाखवणार?"

"हो."

"आणि पेरॉक्साइड शिळं निघालं तर? आकडा काहीच्या बाही येईल. पोरं मला पुढं वर्षभर ऐकवतील."

तिनं बाटली पुढं केली. त्यांनी सील निरखून पाहिलं, तारीख वाचली. मग कपाटातून ब्युरेट, ती तोटी लावलेली काचेची मोजनळी, काढून दिलं.

अकरावीची मुलं लॅबमध्ये आली, टेबलाभोवती दाटीवाटीनं उभी राहिली. जयश्रीनं कविताला पुढं बोलावलं.

"परवा मला उत्तर आलं नव्हतं. आज आपण दोघी मिळून शोधू. ही दोन द्रावणं आहेत. परमँगनेट आणि पेरॉक्साइड. दोन्हींची ताकद मी सारखी करून घेतलीय. एवढ्या पाण्यात परमँगनेटचे जितके रेणू, तेवढ्याच पाण्यात पेरॉक्साइडचेही तितकेच. आता चंबूत दहा मिली परमँगनेट आहे. पुस्तकाप्रमाणं दोनाला पाच लागतात. मग दहा मिलीला किती?"

"पंचवीस मिली," कविता म्हणाली.

"आणि तुझ्या समीकरणाप्रमाणं?"

कवितानं ओठ हलवले. "पाच मिली."

"वाचायचं काम तुझं. मी फक्त तोटी सोडते."

पेरॉक्साइड थेंबाथेंबानं पडू लागलं. पहिले थेंब पडले तरी रंगात काही फरक दिसेना. जयश्री चंबू गोल गोल हलवत होती. कविता ब्युरेटला डोळा लावून आकडे सांगत होती. दोन. तीन. चार.

"पाच, बेन."

चंबू गडद जांभळाच होता. कुणीतरी सुस्कारा सोडला. कविताची मान किंचित खाली गेली. जयश्रीनं तोटी सुरू ठेवली. सहा. सात. आणि मग, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, द्रावण गढूळ व्हायला लागलं. जांभळ्यात तपकिरी मिसळलं, आणि बघता बघता चंबूत काढ्यासारखं काहीतरी झालं. जांभळा रंग दिसेनासा झाला.

"नऊ," कविता म्हणाली आणि तिनं वर पाहिलं. "बेन, रंग गेला?"

पाच नाही, पंचवीसही नाही. नऊलाच जांभळा रंग गेला. मुलं एकमेकांकडं पाहायला लागली. मागून एक जण म्हणाला, "दोन्ही चूक," आणि हशा पिकला. तिला योगेंद्रचं बोलणं आठवलं. सगळ्यांपुढं, परत.

नेमका त्याच वेळी दारात भगवानराव आले. "हे काय चाललंय? ही बाई इथं कशी? देवरे, नेमणूक तुमची झालीय ना?"

देवऱ्यांनी चंबू उचलून खिडकीकडं उजेडात धरला. जयश्रीची नजर त्यांच्या हाताकडं लागली होती. तपकिरी. गढूळ. गाळ. गाळ का यावा? मँगनीज विरघळून जायला हवं.

"ॲसिड," दोघं एकदमच म्हणाले.

"ॲसिड कमी पडलं," देवरे मुलांकडं वळून म्हणाले. "आम्ल पुरेसं नसलं की परमँगनेट अर्ध्या वाटेवर थांबतं आणि हा तपकिरी गाळ येतो. ही वेगळीच क्रिया झाली. हा प्रयोग धरायचा नाही. पुन्हा करू." आणि मग दाराकडं पाहत, जरा अडखळत, "साहेब, मीच बोलावलंय त्यांना."

भगवानरावांच्या पाठीमागून मालतीबाईंचा आवाज आला. "परवानगी मी दिलीय. प्रयोग चालू आहे, आपण कचेरीत बोलू." पण भगवानराव गेले नाहीत. दारातच, चौकटीला टेकून उभे राहिले.

नवा चंबू. पुन्हा दहा मिली परमँगनेट. या वेळी देवऱ्यांनी स्वतः आम्ल मोजून ओतलं, चांगलं भरपूर. तासातली थोडीच मिनिटं उरली होती. बाहेर पुढच्या वर्गाची मुलं येऊन उभी राहिली होती, त्यांचा गलका आत येत होता. जयश्रीला घाई करता येत नव्हती. तोटी जास्त सोडली तर आकडाच निसटून जाईल.

पाच मिली. जांभळा. दहा. जांभळाच, पण स्वच्छ, गाळाचं नाव नाही. चंबूत बारीक बारीक बुडबुडे धरायला लागले. पंधराला रंग उतरणीला लागला. वीस मिलीला गडद गुलाबी उरला. आता बाहेरचा गलका कुणाला ऐकू येत नव्हता.

"तेवीस," कविता म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "चोवीस."

जयश्रीनं तोटी इतकी आवळली की एक थेंब टोकाशी लोंबत राहायचा, फुगायचा, मग पडायचा. पंचवीस. रंग होता. फिका, पण होता. सव्वीस. प्रत्येक थेंब पडला की तिथं पांढरं वर्तुळ उमटायचं आणि हलवलं की पुसून जायचं. सत्तावीसच्या आसपास एक थेंब पडला, तिनं चंबू हलवला, आणि गुलाबी रंग परत आला नाही. चंबूत पाण्यासारखं पाणी.

"सव्वीस पॉइंट आठ," कवितानं वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं.

"बाटली थोडी उतरलेली असणार," देवरे म्हणाले. "पेरॉक्साइड लेबलाइतकं कडक कधीच नसतं. पण पाच नक्कीच नाही."

कविता त्या रंगहीन चंबूकडं पाहत राहिली. "म्हणजे माझं चूक."

"तुझी बेरीज चूक नव्हती," जयश्री म्हणाली. आता तिचा आवाज स्थिर होता. "तुझ्या समीकरणात आठ इलेक्ट्रॉन असे आहेत, जे पेरॉक्साइडनं दिलेले नाहीत. ते दुसऱ्या ऑक्सिजननं द्यायला हवे होते. कागदावर तसं लिहिता येतं. भांड्यात तसं होत नाही, ते तू आत्ता पाहिलंस. आणि मी परवा सांगितलं होतं ना, अणू नि भार जुळले की बरोबर? ते अपुरं होतं. आधी इलेक्ट्रॉन. कुणी दिले, कुणी घेतले, किती. ते जुळल्यावर मग बाकीचं."

घंटा झाली. मुलं निघाली. कविता सर्वांत शेवटी गेली. दारातून वळून तिनं विचारलं, "बेन, तुम्ही उद्या येणार?"

"नाही," जयश्री म्हणाली. "आता देवरे सर आहेत."

भगवानराव केव्हा निघून गेले ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. नेमणूक बदलली नाही, आणि तसं काही व्हावं म्हणून जयश्रीनंही शब्द टाकला नाही. देवऱ्यांनी तिला फाटकापर्यंत सोडलं. "पहिला चंबू बिघडला तेव्हा मला वाटलं, तुम्ही आता पळून जाल," ते म्हणाले.

"मलाही तसंच वाटलं," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात कविता पत्ता विचारत गोडादऱ्याला आली, वर्गातल्या आणखी दोन मुलींना घेऊन. देवरे सरांनीच पाठवलं होतं. अहिराणीच्या हेलानं भराभर शिकवण्याच्या त्यांच्या पद्धतीत मागं पडणाऱ्या मुलींना ते पुढं वर्षभर जयश्रीकडं धाडत राहिले. बाहेरच्या खोलीत जागा पुरेना, तशी सुभद्राबाईंनी एका सकाळी लेसच्या साड्यांचे गठ्ठे स्वतःच उचलून आत नेले. "हाई काम मी करसू," त्या म्हणाल्या. "तू तुनं कर."

बारावीला कविताला रसायनशास्त्रात अठ्ठ्याहत्तर मिळाले. पुढं ती लॅब टेक्निशियनच्या कोर्सला गेली. वडिलांचं काम कडोदऱ्याकडं गेलं, घर तिकडं हललं, आणि येणंजाणं कमी झालं.

नव्याण्णवच्या जूनमध्ये देवरे सचिनच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये लागले आणि शाळेतली जागा पुन्हा रिकामी झाली. मालतीबाईंनी निरोप पाठवला. भगवानराव तोवर संस्थेत राहिले नव्हते, पण नमुना पाठ चुकला नाही. नियम तो नियम. त्रिवेदीसाहेबच पुन्हा मागच्या बाकावर बसले होते. या वेळी विषय दुसराच होता, आम्लं आणि अल्कली. पाठ काही फार रंगला नाही. मध्ये एकदा तिनं आकडा चुकवला आणि मुलांनीच तो दुरुस्त केला. संपल्यावर साहेबांनी जाता जाता तिला एवढंच विचारलं, "पेलो पेरॉक्साइडवाळो सवाल, जवाब मळ्यो के?"

"मिळाला, साहेब," ती म्हणाली. "सव्वीस पॉइंट आठ."

त्यांनी मान हलवली आणि ते जिना उतरून गेले. नेमणुकीचा कागद चार दिवसांनी आला. योगेंद्र रात्रपाळी करून झोपला होता, म्हणून तिनं तो आधी सुभद्राबाईंना वाचून दाखवला.